बॅटरी मोठी केली, पण ती भरणार कोण?

मंडळी, मागच्या आठवड्यात एक भाऊ दुकानात आले. एका हातात संगणकाचा छोटा यूपीएस, दुसऱ्या हातात गाडीची बॅटरी. म्हणाले, "दादा, आतली बॅटरी काढून ही जोडून द्या. पोरगी रात्री अभ्यास करते, आणि लाईट गेली की दहा मिनिटांत सगळं बंद." मी त्यांना बसवलं, चहा मागवला आणि जोडून द्यायला नकार दिला. तो का दिला, हे सांगायलाच आज तुमच्यापुढे उभा आहे.

हा उद्योग मी स्वतः करून पाहिलेला आहे. ६०० व्हीएचा (व्हीए म्हणजे यूपीएस किती लोड ओढू शकतो त्याचं माप) यूपीएस होता, आत १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची (अँपिअर-तास म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) सीलबंद बॅटरी. मी बाहेरून ४२ अँपिअर-तासांची जोडली. बॅटरी सहापट, म्हणजे वेळ सहापट, असा साधा हिशेब. पहिले काही दिवस छान चाललं. मग मे महिन्यातल्या एका दुपारी लाईट तासभर गेली आणि खोलीत वार्निश जळाल्याचा वास सुटला. झाकण काढलं, तर ट्रान्सफॉर्मरवरची पिवळी पट्टी काळी पडून सुरकुतलेली. बॅटरीत मात्र अजून भरपूर दम शिल्लक होता.

झालं काय, तर तो डबाच दहा-पंधरा मिनिटांसाठी बनवलेला. त्याचा ट्रान्सफॉर्मर लहान, मोसफेटला (वीज झपाट्याने चालू-बंद करणाऱ्या भागाला) गार ठेवायला लावलेली ॲल्युमिनियमची पट्टी लहान. तेवढ्या वेळात ते तापायला लागतात आणि बॅटरी संपल्यामुळे वाचतात. छोटी बॅटरी हाच त्या डब्याचा बचाव असतो. आपण तोच काढून घेतो. मोठ्या बॅटरीने वेळ वाढतो, पण यूपीएसची ताकद तीळभरही वाढत नाही.

दुसरी गोष्ट चार्जरची. अशा यूपीएसचा चार्जर फार तर एक अँपिअर देतो. रिकामी ४२ची बॅटरी भरायला त्याला दोन दिवसांपेक्षा जास्त लागतात. आपल्याकडे लाईट रोज जाते. म्हणजे बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही, अर्धपोटी राहते, आणि प्लेटांवर सल्फेटचा पांढरा, कडक थर बसतो. एकदा तो बसला की चार्जिंग लावून निघत नाही. शिवाय काही छोट्या यूपीएसमध्ये बॅटरीची बाजू घरच्या लाईनपासून वेगळी केलेलीच नसते. उघड्या टर्मिनलला हात लागला तर १२ व्होल्टचा नाही, २३०चा झटका बसतो. घरात लेकरं असतात, एवढ्यासाठी तरी हे करू नका.

त्या भाऊंना मी इतकंच सांगितलं, की यूपीएसवरून संगणक काढा आणि त्यावर फक्त ९ वॅटचा बल्ब आणि वायफायचा राउटर ठेवा. आहे त्याच बॅटरीवर दहा मिनिटांचा तासाभराहून जास्त वेळ होतो. अभ्यासाला उजेड पुरतो.

पण उन्हाळ्यात पंखा नको का? हवाच. जळगाव-भुसावळकडे पारा ४५च्या वर जातो, तिथे पंखा ही चैन नाही. पंख्यासाठी घरचा इन्व्हर्टर लागतो आणि तिथे मोठी बॅटरी रीतसर जोडता येते. तोही हिशेब करू. दोन पंखे ७० वॅटचे, तीन एलईडी, एक राउटर: साधारण १८० वॅट. बॅटरी १२ व्होल्ट १५० अँपिअर-तासांची, म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. भागून दहा तास येतात, आणि पुष्कळदा दुकानात हेच सांगितलं जातं. पण तो १५०चा आकडा वीस तासांत हळूहळू, म्हणजे साडेसात अँपिअरने, बॅटरी रिकामी केली तरचा आहे. आपण ओढतो, इन्व्हर्टरचं स्वतःचं खाणं धरून, जवळपास १९ अँपिअर. तेवढ्या वेगाने ती १२५च्या आसपासच देते. त्यातला पाचवा हिस्सा इन्व्हर्टर स्वतः खातो, आणि बॅटरी टिकवायची तर पार तळापर्यंत उपसायची नसते. हातात राहतात पाच तास.

आता तेच दोन पंखे बीएलडीसीचे, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे लावा, ३० वॅटवाले. लोड १०० वॅटच्या खाली येतो आणि त्याच बॅटरीवर वेळ जवळपास दुप्पट होतो. दुसरी बॅटरी न घेता! म्हणून माझ्याकडे कुणी बॅटरी मागायला आलं की मी आधी घरातले पंखे किती आणि कसले, ते विचारतो.

तरीही मोठी बॅटरी घ्यायचीच असेल, तर इन्व्हर्टरचं चार्जिंग किती अँपिअरचं आहे ते बघून घ्या. बॅटरीच्या दहाव्या हिश्शाइतकं हवं: १५०ला १५. ते असेल तर रिकामी बॅटरी दहा-बारा तासांत भरते. गाडीची बॅटरी घेऊ नका. ती स्टार्टर फिरवायला क्षणभर जोर देण्यासाठी असते, रोज उपसण्यासाठी नाही. रोज उपसण्यासाठीच बनवलेली ट्युब्युलर घ्या. जुनी आणि नवी शेजारी-शेजारी (प्लसला प्लस, मायनसला मायनस) जोडू नका, जुनी नवीला ओढून खाली नेते. आणि १२ व्होल्टच्या इन्व्हर्टरला दोन बॅटऱ्या एकापुढे एक (एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला) जोडल्या तर २४ व्होल्ट होतात, इन्व्हर्टर तिथेच जळतो.

वायरीबद्दल जरा थांबून बोलतो, कारण इथे चांगली माणसंही फसतात. एका घरी नवी बॅटरी तासाभरात टूं-टूं करायची. कंपनीला शिव्या देऊन झाल्या होत्या. मी बघितलं, तर बॅटरी तीन मीटर लांब ठेवलेली आणि जोडायला घरच्या बोर्डातली दीड चौरस मिलिमीटरची वायर. जाऊन-येऊन सहा मीटर. २० अँपिअरला तेवढ्या वायरीतच सुमारे दीड व्होल्ट खर्च होतो. बॅटरीवर १२ व्होल्ट, इन्व्हर्टरला दिसतात साडेदहा, आणि तो समजतो बॅटरी संपली. १६ चौरस मिलिमीटरची जाड वायर लावली, बॅटरी जवळ आणली, तक्रार गेली. वायरीवर बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवाच. आणि जोडताना बोटातली अंगठी काढून ठेवा. दोन टर्मिनलांवर पाना आडवा पडला तर तो लाल होताना मी पाहिला आहे.

जागा कोणती? २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा ठोकताळा आहे. पत्र्याच्या खोलीत ठेवाल तर दोन उन्हाळ्यांत हात टेकेल. ज्यांच्याकडे अजून जुनं धाब्याचं घर आहे, त्यांनी तिथल्या गार खोलीत ठेवावी. मात्र कपाटात कोंडू नका आणि देवघराजवळ नको: चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो, तिथे निरांजन नको.

मागून एक ताई विचारताहेत, पाणी कोणतं घालायचं. डिस्टिल्डच. फिल्टरचं नाही, आरओचंही नाही. त्यात क्षार उरतातच. मे महिन्यात दर पंधरा दिवसांनी बॅटरीच्या झाकणावरची, पाण्याची पातळी दाखवणारी दांडी बघा, हिरव्या खुणेच्या खाली गेली की घाला. आणि पूर्ण चार्ज झाल्यावर घाला, आधी नको. चार्ज होताना आतलं पाणी वर येतं, आधीच काठोकाठ असेल तर ॲसिड झाकणातून बाहेर येतं आणि फरशी खातं. तसं सांडलंच तर खाण्याचा सोडा टाका, फसफस थांबली की भरपूर पाण्याने धुऊन काढा.