हौदाच्या उंबऱ्याबाहेर

(दृश्य: पहाट, तालमीचा हौद, म्हणजे कुस्तीचा आखाडा)

पोरगं फावड्यानं हौद उकरतंय. लाल मातीत ताक पडलं, तेल पडलं, मग हळद आणि लिंबू. तुडवायची, पुन्हा उकरायची. एखादं ढेकूळ राहिलं तर पाठीत घुसतं, म्हणून वस्ताद स्वतः वाकून मूठभर माती दाबून बघतायत. अजून नाही झाली. उकर म्हणतायत.

कोल्हापूर म्हटलं की कॅमेरा इथंच येऊन बसतो. आम्हीही पहिले दोन दिवस इथंच होतो, खोटं कशाला बोला.

(दृश्य: खासबाग कुस्ती मैदान, रिकामी बैठक)

शाहू महाराज १९०२ साली युरोपला गेले, रोमचं कलोसियम बघून आले आणि १९१२ साली हे मैदान उभं राहिलं. मध्ये हौद, भोवतीनं चढत गेलेली बैठक. कुठंही बसा, पकड दिसणारच. पाठीला पाठ लावून नाट्यगृह. ते २०२४ च्या ऑगस्टमध्ये आगीत जळालं.

खाशाबा जाधवांची गोष्ट सांगतानाही पडद्यावर मातीच उधळते. गडी गोळेश्वरचा, शिकला इथल्या राजाराम कॉलेजात. १९४८ ला लंडन ऑलिंपिकला मॅटची सवय नव्हती, सहावा आला. १९५२ ला हेलसिंकीत त्याच मॅटवर कांस्य घेतलं. आणि कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये रायफलीनं कांस्य आणलं, तिथं तर माती उधळायची सोयच नाही.

(दृश्य: शाहू स्टेडियम, गॅलरी, हलगी)

पाटाकडील तालीम. बालगोपाल तालीम. दिलबहार. खंडोबा. नावं ऐकून फड लागलाय असं वाटेल, पण या फुटबॉलच्या टीम आहेत. जोर-बैठका काढणाऱ्या तालमींनीच चेंडू उचलला आणि पेठेतली ईर्षा हौदातून मैदानात आली. इतर शहरांत टीम निवडता येते. इथं ती पाळण्यातच ठरते. आजोबा ज्या तालमीत घुमले, तिचाच झेंडा नातवाच्या खांद्यावर. रोनाल्डोचं पोस्टर भिंतीवर असतं, जीव मात्र गल्लीतल्या पोरावर.

हे काका बघा. सामना सुरू झाल्यापासून टेकलेले नाहीत. गोलकीपर त्यांच्या शेजारचा. चुकला की आधी त्याच्या बापाचा उद्धार, मग त्याचा.

वाद होतात, सामना थांबतो, पोलीस येतात. पुढचा सामना ठरलेला असतोच.

याच गावचा अनिकेत जाधव २०१७ ला १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला.

(दृश्य: संध्याकाळ, तालमीचं दार)

हौदात चपला चालत नाहीत. उंबऱ्याबाहेर त्यांची रांग लागलीय, आणि रांगेत एक फुटबॉलचा बूट, नाडी सुटलेला. दुसरा शोधायला पोरगं आत गेलंय. तीन दिवस आम्ही या उंबऱ्यावरून ये-जा करत होतो. हा शॉट निघायच्या आदल्या संध्याकाळी मिळाला.