दुपारचा सैतान

श्रोतेहो, नमस्कार.

ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जाणाऱ्यांना शुभवर्तमानातला एक प्रसंग दरवर्षी ऐकायला मिळतो. ओसाड रान, चाळीस दिवस उपाशी असलेला येशू, आणि त्याच्याजवळ आलेला सैतान. तो म्हणतो, तू देवाचा पुत्र आहेस ना, मग या धोंड्यांच्या भाकरी कर.

आता यात पाप कुठे आहे, सांगा. भुकेल्याने भाकरी खाऊ नये का? पुढे हाच येशू पाच भाकरींत हजारोंना जेवू घालतो. पण मोहाची चाल बहुतेक वेळा अशीच असते. तो रास्त गरजेचा हात धरून येतो. मंदिराच्या शिरोभागी नेल्यावर तर सैतान चक्क शास्त्रवचन म्हणून दाखवतो, तेही स्तोत्र ९१ मधलं. येशूची तिन्ही उत्तरं जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातली आहेत, आणि तिन्ही एकेका वाक्याची. तो वाद घालत बसत नाही.

बायबलमधल्या, इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात म्हटलंय की येशू सर्व बाबतींत आपल्यासारखाच पारखला गेला, तरी निष्पाप राहिला. म्हणजे मोह होणं हे पाप नव्हे. हे मी मुद्दाम ठासून सांगतोय. ‘असला विचार माझ्या मनात आलाच कसा’ म्हणून स्वतःचा जीव खाणारी माणसं, विशेषतः भाविक माणसं, आपल्या आसपास पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी आज चौथ्या शतकातल्या एका साधूची गोष्ट सांगतो.

त्याचं नाव इव्हाग्रिअस. काळ्या समुद्राकाठच्या पोंतस प्रांतातला. कॉन्स्टँटिनोपलमध्ये तो डीकन, म्हणजे चर्चमधला दीक्षित सेवक, होता, हुशार वक्ता म्हणून नावाजलेला. तिथे एका मोठ्या घरच्या विवाहित स्त्रीत त्याचा जीव गुंतला. त्याचा शिष्य पलादिअस सांगतो की इव्हाग्रिअसला एक स्वप्न पडलं, त्यात त्याने शहर सोडायची शपथ घेतली आणि जाग आल्यावर ती पाळली. तो जेरुसलेमला गेला, तिथून इजिप्तच्या वाळवंटात. केलिया नावाची एकांतवासी साधूंची वस्ती होती, तिथे तो ३९९ साली वारला. त्याच्या काही मतांवर चर्चने नंतर ठपका ठेवला, ते योग्यच होतं की नाही हा वेगळा विषय. मनाची पारख मात्र त्याच्याइतकी फार थोड्यांना जमली.

त्याने आठ विचार सांगितले: खादाडपणा, कामवासना, धनलोभ, खिन्नता, क्रोध, कंटाळा, पोकळ प्रतिष्ठेची हाव आणि गर्व. पुढे पोप ग्रेगरींनी त्यांची फेरमांडणी केली, त्यातून आज आपल्याला ठाऊक असलेली सात घातक पापं आली. पण इव्हाग्रिअस त्यांना पापं म्हणत नाही, विचार म्हणतो. ते येतात की नाही हे आपल्या हाती नाही, असं तो स्पष्ट लिहितो. ते रेंगाळतात की नाही, हे आपल्या हाती आहे.

धनलोभाबद्दल तो काय म्हणतो पाहा. लोभ सोन्याचे ढीग दाखवत येत नाही. तो म्हातारपण दाखवतो. हात चालेनासे होतील, दुखणी येतील, दुसऱ्यापुढे हात पसरावा लागेल, त्याची लाज वाटेल. ही भीती कोणाला नसते?

आणि सगळ्यांत चिवट तो कंटाळा. हा दुपारचा सैतान. सकाळी दहाच्या सुमाराला येतो आणि दोनपर्यंत छातीवर बसतो. सूर्य जागचा हलत नाहीसा वाटतो. साधू खिडकीकडे पाहतो, बाहेर डोकावतो, तीन वाजायला, म्हणजे जेवणाच्या वेळेला, किती अवकाश आहे ते बघतो, कोणी भेटायला येतंय का म्हणून वाट पाहतो. मग ती जागा नकोशी होते, हातातलं काम नकोसं होतं. इथल्या लोकांत प्रेमच उरलं नाही, दुसरीकडे गेलो तर बरं होईल, घरची माणसं काय करत असतील... सोळाशे वर्षांपूर्वीचं हे वर्णन आहे. आज खिडकीच्या जागी मोबाइल आहे, एवढाच फरक.

यावर त्याचा उपाय साधा आहे: उठू नका. खोली सोडू नका. मनाचे दोन भाग करा, एकाने दुसऱ्याची समजूत घालावी, दाविदाच्या शब्दांत: हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास? देवाची आशा धर.

पण हाच उपाय प्रत्येक मोहाला लागू करू नका. जुन्या करारातला योसेफ आठवा: मालकाच्या, पोटीफराच्या, बायकोने त्याला मोहात पाडायला त्याचं वस्त्र धरलं तेव्हा तो तिथे बसून स्तोत्र म्हणत राहिला नाही. वस्त्र तिच्या हातात टाकून तो पळाला. स्वतः इव्हाग्रिअसनेही तेच केलं होतं. प्रेषित पौल करिंथकरांना पत्रात लिहितो तेही हेच, जारकर्मापासून पळ काढा. आपलं होतं उलटं. जिथून पळायचं तिथे ‘मी सांभाळीन’ म्हणत बसून राहतो, आणि जिथे टिकायचं तिथून, संसारातून, नोकरीतून, प्रार्थनेतून, कंटाळा आला की उठून जातो. म्हणून आधी ओळखायचं, आलाय तो कोण.

इव्हाग्रिअसने त्यासाठी एक पुस्तकच केलं. आठ विचार, आठ भाग, आणि प्रत्येक विचाराला तोंडावर म्हणायची शास्त्रवचनं. आदर्श अर्थात रानातला येशू. आपल्याला एवढा संग्रह नको. ज्या मोहाशी आपली नेहमीची गाठ पडते, त्याच्यापुरती दोन-तीन वचनं पाठ असली तरी चालतील. मात्र ती मन शांत असताना निवडावीत. ऐनवेळी पानं उलटत बसलं तर हाती काही लागत नाही.

शुभवर्तमानकार लूक म्हणतो, सैतान संधी मिळेपर्यंत येशूला सोडून गेला. तेव्हा एकदा जिंकलात म्हणून सैल पडू नका, आणि तोच मोह पुन्हा आला म्हणून खचूही नका.

वाळवंटातल्या साधूंची आणखी एक रीत होती. मनात काय चाललंय ते वडीलधाऱ्या साधूला ते जाऊन सांगत, केलेलं पापच नव्हे, नुसता विचारही. आपल्याकडे पापनिवेदन आहे, पाळकसाहेब आहेत, एखादा जुना मित्र किंवा मैत्रीण आहे. बघा, असं कोणी आहे का. ऐकून दचकणारं माणूस नको, आणि ऐकलेलं बाहेर बोलणारं तर मुळीच नको.

नमस्कार.