हिशेबी घोडा आणि नवशिका स्वार

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'घोडेस्वारीची शाळा कशी निवडावी'. तिकडं येतोच. पण आधी एक तक्रार ऐकून घ्या, पोटात ठेवून ठेवून जड झालीय. आपल्या नाशकात हल्ली पोरं घोड्यावर बसायला जातात, पोरांबरोबर आईवडीलही जातात, आणि आठव्या दिवशी एकजण सांगतो, "घोडा आळशी आहे हो, टाच मारली तरी हलत नाही." दुसरा म्हणतो, "आमचा बेफाम आहे, लगाम ओढला की आणखी पळतो." दोन्ही तक्रारी एकाच घोड्याबद्दल असतात. सकाळी सहाच्या आणि सातच्या बॅचमधल्या.

इथं एक बर्लिनची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. फॉन ओस्टेन नावाचे निवृत्त गणित शिक्षक होते. पेन्शनमध्येही गणित सुटलं नाही, घोड्याला शिकवायला घेतलं. (मागच्या रांगेतले शिक्षक हसले, बरं वाटलं.) हान्स नावाचा हा घोडा बेरजा-भागाकारांची उत्तरं खूर आपटून द्यायचा. १९०४ साली समिती बसली; तीत सर्कसवाले होते, घोड्यांचे जाणकार होते. लबाडी काही सापडली नाही. मग मानसशास्त्राचे अभ्यासक ऑस्कर फुंग्स्ट यांनी साधी युक्ती केली. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल असा प्रश्न विचारायला लावला, आणि हान्स नापास! झापडं बांधली, विचारणारा दिसेना, तरी नापास. कारण प्रश्न विचारून झाला की माणूस खुराकडं बघायला किंचित वाकायचा, त्यावर घोडा आपटायला लागायचा. बरोबर आकडा आला की माणसाचं डोकं केसभर वर जायचं, घोडा थांबायचा. हे कळल्यावर फुंग्स्टनी स्वतःचं डोकं स्थिर ठेवायचा आटापिटा केला, तरी त्यांना ते पूर्ण जमेना.

आता हा प्राणी तुमच्याखाली आहे. समोरून बघणाऱ्याचं केसभर हललेलं डोकं त्याला कळतं, पाठीवर माशी बसली तर तेवढीच कातडी थरथरवतो, आणि त्याच पाठीवर तुमचं सत्तर किलो वजन डगमगतंय. घोडं पेंड खातं ते इथं. नवशिका घाबरला की मान खाली घालून आयाळीकडं बघतो, खांदे पुढं येतात, गुडघे आवळले जातात आणि टाचा वर येतात. टाचेनं सांगतो 'चल', त्याच क्षणी तोल जातो म्हणून लगामाला लोंबकळून सांगतो 'थांब'. लगामाची दांडी असते कुठं? पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये जी बिनदातांची हिरडी असते तिच्यावर. स्वतःच्या हिरडीवर चमचा दाबून बघा, म्हणजे कळेल. एकदम दोन हुकूम आले की शाळेतला अनुभवी घोडा त्यातला कमी कष्टाचा पाळतो. याला आळस म्हणू नका, हा हिशेब आहे.

आणि तो बेफाम? आपल्याकडं शाळांमध्ये बरेच घोडे मुंबई-पुण्याच्या शर्यतींतून निवृत्त होऊन आलेले असतात. शर्यतीत जॉकी लगाम ताणून धरतो आणि घोडा त्या ताणावर टेकून पळतो. तुम्ही जितकं ओढाल तितकं त्याला वाटतं, मैदान जवळ आलं. त्याला आवरायचं तर ताठ बसा, श्वास सोडा, लगाम ओढा-सोडा, ओढा-सोडा. धरून ठेवू नका. नवशिक्यानं घोड्याच्या गळ्यात साधा चामडी पट्टा बांधून मागावा. तोल गेला तर तो धरायचा, लगाम नाही. मांड, म्हणजे घोड्यावरची बैठक, पक्की व्हायला महिने लागतात, तोवर घोड्याच्या तोंडाला शिक्षा कशाला?

बाकीच्या खोड्या ठरलेल्या आहेत. फाटकापाशी चाल मंदावते, तबेल्याकडं तोंड झालं की वाढते, कोपरे तो कापणारच. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना पोट फुगवतो. म्हणून बसण्याआधी एकदा आणि पाच-दहा मिनिटं चालवून परत एकदा तंग बघायचा. न बघणाऱ्याचं खोगीर फिरतं आणि स्वार पोटाखाली जातो. डिसेंबरात निफाडचा पारा उतरतो त्या पहाटे तर घोडा फार तरतरीत असतो. मोतद्दाराला, म्हणजे घोड्याची देखभाल करणाऱ्याला, आधी दहा मिनिटं लांब दोरीवर गोल फिरवायला सांगा. कान पुढं असतील तर लक्ष समोर आहे. कान मानेला चिकटले की हात आवरा. आणि मागून, न बोलता, कधीच जवळ जाऊ नका. शेपटीमागं त्याला दिसत नाही. वरातीच्या घोडीवर पाच मिनिटं बसलेल्यांना हे सगळं येतं, असं त्यांचं म्हणणं असतं.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरली. शाळा निवडताना ऑफिस सोडा, थेट तबेल्यात जा. दुपारीही गव्हाणीत वैरण दिसली पाहिजे: ४०० किलोच्या घोड्याला दिवसाला निदान सहा किलो सुका चारा लागतो. पोट लहान, उलटी करता येत नाही. नुसती चंदी, म्हणजे दाणा, चारून उपाशी उभा ठेवला की पोटशूळ ठरलेला. नालबंद सहा ते आठ आठवड्यांनी येतो का विचारा. खूर लांब वाढलेले, कडा फुटलेल्या असतील तर उत्तर मिळालंच. वजन: स्वार, खोगीर सगळं धरून घोड्याच्या वजनाच्या साधारण पाचवा हिस्सा. म्हणजे ४०० किलोच्या घोड्यावर ८०, त्यात खोगिराचे सात-आठ. नव्वद किलोच्या गृहस्थाला तट्टू देणारी शाळा सोडा. रिकीब, म्हणजे पाय ठेवायची कडी, तिच्या पट्ट्यासकट मोजायची ती बोटांची टोकं वरच्या बकलाला लावून. खालची कडी काखेपर्यंत आली पाहिजे. बुटाला थोडी टाच हवी, नाहीतर पाऊल रिकिबीतून आरपार जातं आणि पडल्यावर घोडा फरफटत नेतो. हेल्मेट हनुवटीखाली बांधलेलं.

शेवटचं: परवानगी घेऊन, मोतद्दाराला शेजारी उभं करून तंगाच्या जागी, पुढच्या पायामागं हात फिरवा. केस गेलेले, कातडी कडक झालेली किंवा ओली जखम लागली तर फी भरायच्या आधीच परत फिरा. अध्यक्ष घड्याळ बघतायत. राहिलेले प्रश्न खाली चपलांपाशी विचारा.