एक बोट, एक मोदक

नमस्कार मंडळी. आपली मुलं शंभरापर्यंत अंक घडाघडा म्हणतात, पाहुणे आले की जरा जास्तच जोरात. पण म्हणणं वेगळं, मोजणं वेगळं. एका वस्तूला एकच आकडा, आणि शेवटचा आकडा म्हणजे एकूण. हे ओट्यापाशी पटकन जमतं.

पंचवटीत आमच्या शेजारच्या घरची गंमत सांगते. गणेशचतुर्थी, उकडीचे मोदक. उकडीचेच हं! चॉकलेटच्या गोळ्याला मोदक म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पण खातही नाही. तर नैवेद्याला २१ हवेत. साडेचार वर्षांचा नातू ताटाशी उकिडवा बसून मोजतोय. तोंड पुढे, बोट मागे. "एकवीस झाले!" म्हणून ओरडला. होते १७.

आजी चुकलास म्हणाल्या नाहीत. केळीचं पान पुढ्यात ओढलं. "राजा, एकेक मोदक इथे ठेव. ठेवशील तेव्हाच आकडा म्हण. पाच झाले की नवी ओळ. अशा चार ओळी, आणि वर एक." तीन ओळी भरल्या, चौथीत दोनच आले, आणि ताट रिकामं. "आजी, माझे मोदक कोणी खाल्ले?" सगळं घर हसलं. मग त्यानेच रिकाम्या जागांवर बोट फिरवलं. "तीन... आणि वरचा एक. आजी, अजून चार कर!"

त्यातला एक उकडताना फुटला. फुटका मोजायचा का? "मोजायचा, फुटला तरी एकच," आजींनी निकाल दिला. आरतीनंतर वाटपही त्याच्याकडेच. माणसं सात. एक फेरी, दुसरी फेरी, तिसरी फेरी, पान साफ. सगळ्यांना तीन-तीन. भागाकार हा शब्दही कोणी उच्चारला नाही. फुटका आजोबांच्या ताटात. का? "त्यांना दात नाहीत ना!"

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोदक यांनी १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डी गावात बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा महागड्या साधनांऐवजी आसपास मिळेल तेच हाताशी घेतलं. आपल्याकडे तर आता मोबाईलवर मोजायला शिकवतात. असो.

पुन्हा सांगते, एक बोट, एक वस्तू, एक आकडा. मिसळीचा बेत असेल तर पाव मुलालाच वाटू द्या, माणशी दोन. आणि आपल्या नाशिकची द्राक्षं, पण पाच वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खं द्राक्ष नको, घशात अडकतं. उभं चिरून चार फोडी करा. तीन द्राक्षांच्या किती झाल्या, ते त्यालाच मोजू द्या.