एरंडेल, वारा आणि पिवळी पडलेली काच

(दृश्य: टेबलावर एक जुना गॉगल. कॅमेरा हळूहळू जवळ.)

आपण मराठीत गॉगल म्हणतो तो उन्हाचा काळा चष्मा. हा गॉगल त्याच्या पणजोबाच्या वयाचा. उन्हाशी याचं फारसं देणंघेणं नव्हतं. याचं काम वारा अडवायचं.

डावी काच बघा. कडेकडेने पिवळी पडलीय आणि आत साबणाच्या फेसासारखे बारीक बुडबुडे आलेत. एरवी असा चष्मा कुणी फुकटसुद्धा घेणार नाही. जुने वैमानिकी गॉगल जमवणारे मात्र ही काच उजेडासमोर धरतात आणि खूश होतात. का, ते येईलच.

सुरुवातीच्या विमानांत वैमानिक चक्क उघड्यावर बसायचा. अमेरिकी सैन्यातला हेन्री अर्नोल्ड 1911मध्ये उडायला शिकला. त्याच वर्षी एकदा विमान उतरवताना एक किडा थेट त्याच्या डोळ्यात गेला. डोळ्यांतून पाण्याच्या धारा, समोरचं काही दिसेना, तशातच त्याने विमान कसंबसं खाली आणलं. मग तिथले वैमानिक गॉगल लावू लागले. पावसाळ्यात संध्याकाळी स्कूटर चालवणाऱ्याला हा किस्सा जास्त समजावून सांगायला नको. हाच अर्नोल्ड पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैनिकी विमानदलाचा प्रमुख झाला.

(दृश्य: फिरतं रोटरी इंजिन.)

पहिल्या महायुद्धात किड्यांपेक्षा मोठी पीडा आली, तेलाची. सॉपविथ कॅमलसारख्या विमानांत पंख्याबरोबर अख्खं इंजिनच गरगर फिरायचं. त्याला वंगण लागायचं एरंडेल, कारण ते पेट्रोलमध्ये सहजी मिसळत नाही. हे तेल पुन्हा टाकीत येत नसे. एकदा इंजिनातून गेलं की बाहेर. म्हणजे विमानावर, काचेवर आणि वैमानिकाच्या तोंडावर. ‘एरंडेल प्यायल्यासारखं तोंड’ असं आपण म्हणतो. या पोरांच्या पोटात ते खरोखरच जायचं, आणि त्याचा जो व्हायचा तो परिणामही व्हायचा. सिनेमात दिसतो तो रुबाबदार रेशमी स्कार्फ? शत्रू शोधायला सारखी मान वळवून कॉलरने गळा सोलवटू नये म्हणून. आणि गॉगलवरचं तेल पुसायला.

आता त्या पिवळ्या काचेकडे येऊ. साधी काच फुटली तर तिचेच तुकडे डोळ्यात. फ्रान्समधल्या एदुआर बेनेदिक्तुसच्या हातून 1903मध्ये प्रयोगशाळेतलं एक काचपात्र पडलं. तडे गेले, पण तुकडे सुटले नाहीत, कारण आत सेल्युलोज नायट्रेटचा पापुद्रा वाळून चिकटला होता. त्यातून दोन काचांमध्ये सेल्युलॉइडचा, म्हणजे त्याच पदार्थापासून केलेल्या प्लास्टिकचा थर असलेली काच निघाली. 1909मध्ये त्याचं पेटंट झालं, नाव पडलं ट्रिप्लेक्स. काच शंभर वर्षं तशीच राहते, मधलं सेल्युलॉइड मात्र पिवळं पडतं, सुटतं, बुडबुडे धरतं. नवी नक्कल करणाऱ्याला हे म्हातारपण सहज आणता येत नाही.

डोळ्यावर ही काच नसली तर काय होतं? 27 फेब्रुवारी 1920. अमेरिकेतल्या डेटनजवळ अमेरिकी सैन्यातला वैमानिक मेजर श्रोडर विमानाने 33 हजार फुटांवर पोहोचला. थंडी उणे 50च्याही खाली. प्राणवायू संपत आला, गॉगलवर बर्फ साचलं, म्हणून त्याने गॉगल वर सरकवला. डोळ्यांतला ओलावा गोठला. शुद्ध हरपली आणि विमान मैलोन् मैल खाली कोसळत गेलं. जमिनीजवळ भान आलं आणि जवळजवळ आंधळेपणाने त्याने विमान उतरवलं. वाचला.

(दृश्य: गॉगलची फ्रेम, अगदी जवळून.)

जमवणारा आधी बघतो ती पितळेची कड. पितळेत ताक कळकतं, तसं इथे चामड्यातल्या चरबीने पितळ हिरवं होतं. आतल्या फरला कसर लागलेली असते. इलॅस्टिक तर गेलेलंच. ते नवंकोरं ताणलं गेलं तर समजावं की पट्टा बदललाय. मग शिक्का. वर मुकुट आणि खाली ए.एम., म्हणजे ब्रिटनची एअर मिनिस्ट्री, सरकारचं विमानखातं. ती जानेवारी 1918मध्ये सुरू झाली. हा शिक्का दाखवून कुणी ‘1915चा माल’ म्हणाला तर नमस्कार करावा आणि पुढे जावं.

पण एवढं करूनही खरा घोळ राहतोच. बरेच अधिकारी गॉगल स्वतःच्या पैशाने दुकानातून घ्यायचे, आणि त्याच दुकानातून तोच गॉगल मोटारवाले, मोटारसायकलवालेही न्यायचे. पिवळी काच वय सांगते, उड्डाण सांगत नाही. हा टेबलावरचा मी ‘वैमानिकाचा’ म्हणूनच घेतला. डबीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मोटारसायकलची जाहिरात आहे, हे पैसे दिल्यावर दिसलं.

काही दिवस चरफडलो. मग इंद्रलाल रॉय आठवला. कलकत्त्याचा, लंडनमध्ये शिकणारा मुलगा. दृष्टी अधू म्हणून रॉयल फ्लाइंग कोअरने, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या लष्करी विमानदलाने, त्याला आधी नाकारलं. दुसऱ्या, नामांकित नेत्रतज्ज्ञाकडून डोळे तपासून घ्यायचे तर पैसे हवेत, म्हणून त्याने आपली मोटारसायकल विकली. निकाल फिरला. जुलै 1918मध्ये, दोन आठवड्यांच्या आत, त्याच्या नावावर 10 हवाई विजय लागले. 22 जुलैला फ्रान्सवरच्या चकमकीत तो पडला. वय 19.

गॉगल मी परत केला नाही. डबीसकट ठेवलाय.