रात्री दोनला तुम्हाला तपासणारा डॉक्टर कधीपासून जागा आहे?

नमस्कार! सरकारी हॉस्पिटलात रात्री दोन वाजता तुमच्या वडिलांना तपासायला जो येतो, तो बहुतेक वेळा जेआर-वन असतो. म्हणजे एमडी किंवा एमएसच्या पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर. सकाळी आठला ड्युटीवर आलेला. आणि सुटका लांबच आहे, कारण उजाडलं की राऊंड, मग ओपीडी.

१९९७ साली डॉसन आणि रीड या संशोधकांनी दाखवून दिलं, की सलग १७ तास जागलेल्या माणसाचं काम रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखं ढेपाळतं. आपल्याकडे गाडी चालवताना मर्यादा आहे ०.०३. ज्या अवस्थेत स्टिअरिंगला हात लावायची परवानगी नाही, तशा अवस्थेत आपण या मुलांना इन्सुलिनचा डोस ठरवायला लावतो!

मग नियम नाही का? आहे ना. केंद्राचं १९९२ चं परिपत्रक सांगतं: सलग ड्युटी साधारणपणे १२ तास, आठवड्याला ४८. आणि २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या टास्क फोर्सने शिफारस केली, आठवड्याला जास्तीत जास्त ७४ तास. बत्तीस वर्षांनी आकडा वर गेला! माझ्या मते ही ४८ तासांचा नियम पाळला गेला नाही याचीच कबुली आहे.

पण मला जास्त छळतं ते या तासांत काय करावं लागतं ते. रक्त काढा, रक्ताच्या नळीवर (बल्बवर) नाव लिहा, सॅम्पल घेऊन स्वतःच लॅबला पळा, रिपोर्ट आणायला पुन्हा पळा. वॉर्डातले मामा, म्हणजे वॉर्डबॉय, दुसरीकडे अडकले असतील, तर सीटी स्कॅनला पेशंटची ट्रॉलीसुद्धा ढकला. यात डॉक्टरकी कुठे आहे? या कामांना माणसं नेमली, तर एकही डॉक्टर न वाढवता या मुलांना रात्री पाठ टेकता येईल, डबा गरम असताना खाता येईल, घरी एक फोन करता येईल.

तास कमी केले की पेशंटचाही फायदा होतो. अमेरिकेत आयसीयूतल्या इंटर्नच्या लांबलचक शिफ्ट तोडून पाहिल्या. २००४ साली निकाल आला: जुन्या वेळापत्रकात गंभीर चुका ३६ टक्के जास्त होत्या.

म्हणून मार्डच्या, म्हणजे महाराष्ट्रातल्या निवासी डॉक्टरांच्या संघटनेच्या, संपाची बातमी आली, की स्टायपेंडच्या आकड्यावर थांबू नका. ड्युटीचे तास, हॉस्टेलच्या खोल्या आणि वॉर्डातली रिकामी पदं, यांचं काय झालं ते तुमच्या आमदारांना विचारा.