सेंद्रिय बाग, पण लेकरांच्या बेताची

नमस्कार. इथे बसलेल्या बऱ्याच जणांचं दिंडोरी-निफाडकडे कुणी ना कुणी द्राक्षबागेत असेल. त्यामुळे फवारणी म्हणजे काय, हे नाशिककरांना मी सांगायला नको. म्हणूनच घरी मुलांसाठी बाग करायचं ठरलं की सगळे आधी म्हणतात, ‘आपण सेंद्रियच करू.’ चांगलंच आहे. पण सेंद्रिय आहे म्हणजे लेकराला चालेल, हा हिशेब बरोबर नाही.

बोर्डो मिश्रण घ्या, बुरशीवर फवारतात ते. मोरचूद आणि चुना. सेंद्रिय शेतीतही ते मर्यादेत वापरू देतात. पण मोरचुदाचे निळेशार खडे चार वर्षांच्या पोराला खडीसाखरच वाटणार, आणि पोटात गेले तर थेट दवाखाना. तंबाखूचा काढाही तसाच. निकोटीन झाडातून आलं म्हणून सौम्य होत नाही. दशपर्णी अर्क, म्हणजे किडीवर फवारायचा दहा झाडांच्या पाल्याचा अर्क, त्यात काय काय घालतात आठवा: रुई, एरंड, कण्हेर. शेतात त्याचं काम आहे. मूल बोटं चोखत फिरतं त्या गच्चीवर नाही.

मी एकच धरून चालते. बागेतली प्रत्येक गोष्ट कधी ना कधी तोंडात जाणार. मग कण्हेर आपोआप बाद होते, पिवळी कण्हेरसुद्धा. हॉलच्या कोपऱ्यात शोभेला ठेवलेलं डिफेनबेकियाही बाद. त्याचं पान चावलं की सुईसारखे बारीक स्फटिक जिभेत रुततात आणि तोंड सुजतं. गावाकडून फवारणीच्या औषधाचे रिकामे ड्रम ‘फुकट आहेत’ म्हणून आणू नका, कितीही धुतले तरी. शेणखत पूर्ण कुजलेलंच हवं. वास येत असेल तर अजून वेळ आहे. मुलांच्या धनुर्वाताच्या लसी झाल्यात ना, तेवढं बघा. आणि कुंड्या कठड्याला लावून ठेवू नका, पोरं त्यावर चढतात.

पाण्याचं मात्र जरा सविस्तर बोलू. मुलांना बागेत सगळ्यात जास्त काय आवडतं? पाणी घालणं. सकाळी घालतील, शाळेतून आल्यावर घालतील, पाहुणे आले की दाखवायला पुन्हा घालतील. त्यांना अडवू नका, कुंडीला भोकं जास्त पाडा. नुसती काळी माती भरली तर चिखल होतो, म्हणून तिच्यात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा सुका पालापाचोळा मिसळा. हातात झारी नको, स्टीलचा पेला द्या. खालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा घासून कोरड्या करायच्या, कारण डेंग्यूच्या डासाला तेवढंसं साचलेलं पाणी पुरतं.

मग किडीचं काय? चवळीवर मावा आला तर पाण्याचा जोराचा फवारा मारा, उरलेला जुन्या टूथब्रशने मुलांनाच झाडू द्या. फारच झालं तर निंबोळी अर्क, तोही मोठ्यांनी, मुलं बागेत नसताना.

आणि कढीपत्त्यावरच्या अळ्या कृपा करून मारू नका. लहानपणी ती अळी हुबेहूब पक्ष्याची शीट दिसते, काळी-पांढरी. मोठी झाली की हिरवीगार. काडीने हळूच डिवचलं तर डोक्यामागून दोन लालसर शिंगं बाहेर येतात आणि उग्र वास सुटतो. पोरांना हे एकदा दाखवा, मग मोबाईलची आठवण निघते का बघा. ती लिंबावरच्या फुलपाखराची अळी असते. आपलं राज्य फुलपाखरू, २०१५ साली जाहीर झालेलं ब्लू मॉरमॉन, त्याच्याही अळ्या लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढतात. पानं खाल्ली जातील. जाऊ द्या. अर्धी जुडी बाजारातून आणू.

सुरुवात मेथीने करा. नाशिकची थंडी तिला मानवते. स्वयंपाकघरातले मेथीदाणे रात्रभर भिजवून पेरले की तीन-चार दिवसांत वर येतात. मुलांचा धीर तेवढाच असतो. धने थोडे रगडून, दोन फाका करून लावायचे, पण त्यांना आठवडाभर तरी लागतो, म्हणून कोथिंबीर दुसरी. मुळा तिसरा, तो उपटायला मजा येते. झेंडू हवाच. मिरची सध्या नको, तिखट हात डोळ्याला लागतो.

एक कुंडी पूर्ण मुलाची ठेवा. त्याने बी एकाच खड्ड्यात ओतलं, तर ओतू द्या. रात्री तो झोपल्यावर जाऊन नीट ओळीत लावणारे आईबाप मी पाहिलेत, आजोबा तर हमखास. पंचवीसेक दिवसांनी मेथी उपटायची, मुळं झटकायची, तीन पाण्यांतून धुवायची आणि त्याच दिवशी भाजी करायची, मग ती दोन घासांचीच का होईना.